आभाळ भरून आलं की मावा येतोच का?

डिसेंबर लागला की या सदरात येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. द्राक्षवाले भुरी आणि डाऊनी विचारतात, कांदावाले करपा विचारतात (हे सगळे बुरशीचे रोग), आणि पालेभाजीवाले मावा, म्हणजे पानाखाली दाटीनं बसून रस शोषणारी बारीक कीड. या खेपेला पालेभाजीवाल्यांची पाळी. सारख्या प्रश्नांची पत्रं मी एकत्र केली आहेत. नाशिकजवळ मखमलाबादला माझीही थोडी मेथी-कोथिंबीर असते, त्यामुळे उत्तरं पुस्तकातली कमी आणि बांधावरची जास्त आहेत.

ताई, दीड एकर कोथिंबीर आहे, आज ३० दिवसांची. चार दिवस आभाळ भरून होतं आणि कालपासून मावाच मावा. दुकानदार म्हणतो, ढगाळ हवेनं मावा पडतो, दोन औषधं मिसळून लगेच मारा. नाशिकच्या मार्केटला सध्या शेकड्याला (शंभर जुड्यांना) बरा भाव आहे, म्हणून जीव खालीवर होतो. मारू का?
– एक शेतकरी, दिंडोरी तालुका

दादा, ढगातून पाऊस पडतो, मावा नाही. काल तुम्हाला दिसला तो मावा या चार दिवसांत तयार झालेला नाही. तो आधीच्या दहा-बारा दिवसांतला आहे. तेव्हा हवा छान कोरडी होती, दुपारी अंगाला ऊन बरं वाटत होतं, म्हणून पानाखाली कुणी बघितलं नाही.

मावा शेतात कसा शिरतो ते आधी बघू. पहिल्या येतात पंखवाल्या माद्या. वारा पडलेला, हवा उबदार, अशा वेळी त्या शेजारच्या जुन्या पिकावरून किंवा बांधावरच्या तणावरून उठतात आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर कोवळ्या हिरव्या-पिवळ्या रंगाकडे उतरतात. म्हणून आधी कडेच्या ओळी धरतात. आपल्याकडच्या हवेत त्यांना नर लागत नाही आणि अंडीही लागत नाहीत. मादी थेट जिवंत पिल्लं देते, तीही माद्याच, आणि त्या पिल्लांच्या पोटात जन्मतःच पुढची पिल्लं वाढायला लागलेली असतात. एका मादीची ५० पिल्लं धरा, आठवड्यात ती आया झाल्या, तर नातवंडं अडीच हजार. निम्मी वाटेत मेली तरी ६०० च्या वर उरतात. म्हणून मावा ‘एका रात्रीत आला’ असं वाटतं. दोन पिढ्या पानाखाली निमूट वाढलेल्या असतात, तिसरी पानावर मावत नाही तेव्हा आपल्याला दिसते.

आता हवेचा हिशेब. भाजीपाल्यावरच्या बहुतेक माव्यांना २० ते २५ अंश मानवतं. दिवसरात्रीची सरासरी २२-२३ असली की पिढी साधारण आठवड्यात होते. सरासरी १४ वर आली की त्याच कामाला जवळपास दोन आठवडे लागतात. ३० च्या वर पिल्लं कमी होत जातात आणि ३५ च्या पुढे मावा स्वतःच हैराण होतो. आपल्याकडे आभाळ आलं की काय होतं? दुपारचं तापमान ३० वरून २६ वर येतं, पण रात्रीचं ८-९ वरून १५ वर चढतं. सरासरी एखाद-दोन अंशांनीच वाढते. म्हणजे पिढीमागे फार तर एखाद-दीड दिवस वाचतो. एवढ्यानं शेत भरत नाही.

ढगाचा खरा उपयोग माव्याला वेगळ्या ठिकाणी होतो. त्याला खाणारे थंडावतात. सिरफिड माशी ऊन नसलं की फारशी हिंडत नाही. माव्याच्या पोटात अंडं घालणारी बारीक गांधीलमाशी, जी चिलटाएवढीसुद्धा नसते, तीही कुंद हवेत कमी उडते. ढालकिडा, म्हणजे ठिपक्यांचा गोल लेडीबर्ड भुंगा, सुस्तावतो. त्यात ऊन नसल्यानं पीक लुसलुशीत वाढतं, आणि तुम्ही भाव बघून युरियाचा हात सैल सोडलेला असला तर पानातला रस माव्यासाठी आणखीच गोड. (सोडलाय ना? पत्रात लिहिलेलं नाही, पण शेकड्याचा भाव लिहिलाय त्यावरून वाटतं.)

तर मारू का? आज शेतात जा आणि दहा ठिकाणी बसून पान उलटा. पाच जागा कडेच्या घ्या, पाच आतल्या. नुसता मावा मोजू नका. माव्यात फुगलेले, गव्हाळ-तपकिरी, हात लावला तरी न हलणारे दाणे दिसतात का ते बघा. ते मेलेले मावे, आत गांधीलमाशीचं पिल्लू आहे. छोट्या मगरीसारखी दिसणारी काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली तर तिला कीड समजून चिरडू नका, ती ढालकिड्याची आहे आणि दिवसाला डझनावारी मावा खाते. अशा गोष्टी बऱ्याच ठिकाणी दिसल्या आणि ऊन परत आलं, तर हे सैन्य चार-सहा दिवसांत तुमचं काम करतं. तुमच्या कोथिंबिरीला १०-१५ दिवस उरलेत, तेवढा अवकाश आहे.

ही मंडळी दिसलीच नाहीत आणि मधल्या शेंड्यात मावा घट्ट बसलाय, तर फवारा, पण पाच टक्के निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळीचा चुरा रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळून त्यात घालायचा आणि पाणी १०० लिटर करायचं. संध्याकाळी मारा, कारण निंबोळीतलं मुख्य द्रव्य उन्हानं लवकर नासतं. नोझल खालून वर धरा. वरून भिजवलेल्या कोथिंबिरीत मावा छत्रीखाली बसल्यासारखा सुखरूप राहतो.

दोन रासायनिक औषधं मिसळायचा सल्ला मात्र सोडून द्या. बाटलीच्या लेबलावर कोथिंबिरीचं नाव आहे का आणि फवारणीनंतर किती दिवस काढणी करायची नाही ते दुकानातच वाचा. पालेभाजीत फळ सोलून खाण्याची सोय नाही, ज्या पानावर औषध पडलं तेच पान ताटात जातं. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे, तरी कुणी कुणी ‘जुनं पण जालीम’ म्हणून काढून देतो. देणाऱ्याला देऊ द्या, आपण घ्यायचं नाही.

निफाडला एवढी थंडी पडते की पाण्याचं बर्फ व्हायची वेळ येते. अशा थंडीत मावा मरायला हवा. मग जानेवारी संपता संपता मेथी, पालक आणि कोबीवर तो उलट जास्त का होतो?
– निफाडहून, बी.एस्सी. करणारा वाचक

थंडीच्या बातम्यांत निफाडचं नाव येतं ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नोंदींमुळे. काही हिवाळ्यांत तिथे पारा २-३ अंशांपर्यंत उतरलेला आहे. पण ते पहाटेचं तापमान. त्याच दिवशी दुपारी तीनला २५-२६ अंश असतात आणि मावा दिवसाच्या त्या चार-पाच तासांत जेवून घेतो. पहाटेच्या गारठ्यानं तो बधिर होतो, मरत नाही. दव गोठून पानंच करपली तर गोष्ट वेगळी, पण तिथे आधी आपलं पीक गेलेलं असतं.

आता तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात म्हणून आकड्यात सांगते. माव्याची वाढ साधारण ४-५ अंशांच्या वर सुरू होते. ढालकिड्याला मात्र त्यासाठी १०-१२ अंश लागतात. निफाडच्या कडक थंडीत सरासरी १४-१५ धरली, तर माव्याला रोज दहा अंशांची कमाई मिळते आणि ढालकिड्याला जेमतेम तीन-चारची. महिनाभर हे चाललं की मावा हळू हळू का होईना पुढे निघून जातो आणि ढालकिडा मागे राहतो. मग जानेवारीअखेर थंडी मोडते, दुपार २९-३० ची होते, आणि माव्याची दाटी उघड होते. तुम्हाला वाटतं उन्हानं वाढला. त्याची पेरणी थंडीत झालेली असते.

फेब्रुवारीत आणखी एक होतं. पानं दाटली, धण्यांसाठी ठेवलेली कोथिंबीर फुलावर येऊन निबर झाली, की माव्यात पुन्हा पंखवाल्या निपजतात आणि नव्या कोवळ्या प्लॉटकडे उडतात. म्हणून जुन्या, भाव पडला म्हणून सोडून दिलेल्या पिकाशेजारी नवी मेथी टाकू नका. जुनं आधी नांगरून टाका किंवा जनावरांना घाला, मग पेरा. कोबीवाल्यांनी २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्याव्यात, एक कोबी लावायच्या १५ दिवस आधी आणि दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. मावा मोहरीवर जमतो आणि फवारणी तेवढ्याच ओळींवर भागते.

आमच्याकडे इगतपुरीला पावसाळ्यात मावा नसतोच म्हटलं तरी चालेल. माहेर येवल्याचं, तिथे मात्र भर श्रावणात मेथीवर काळा मावा. पाऊस माव्याला मारतो की नाही, एकदा सांगून टाका.
– एक शेतकरी भगिनी

वहिनी, तुमच्या सासर-माहेरात पावसाचाच फरक आहे. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, येवल्याला त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. टपोऱ्या थेंबांचा जोराचा पाऊस मावा पानावरून अक्षरशः झोडून काढतो. खाली चिखलात पडलेली पिल्लं परत वर चढत नाहीत. पण भुरभुर पावसानं काही होत नाही, उलट सतत आभाळ राहून फायदाच होतो. येवल्यात श्रावणात चार सरी पडतात आणि मग दहा दिवस नुसता दमट, उबदार खंड. तो खंड माव्याच्या पथ्यावर पडतो.

पिकाचाही फरक आहे. मेथीच्या उघड्या पानावरचा काळा, चकचकीत मावा पावसाला लवकर सापडतो. कोबीच्या वळलेल्या पानात लपलेला राखाडी मावा सापडत नाही, शिवाय त्याच्या अंगावर मेणचट पीठ असतं, त्यावरून पाणी घरंगळून जातं. त्याच्यावर नुसतं पाणी किंवा साबणाशिवायचं द्रावण मारणं म्हणजे कष्ट वाया.

पावसाचं काम थोडंफार आपणही करू शकतो. तुषार सिंचन असेल तर मावा दिसायला लागताच सकाळी जोरात अर्धा तास चालवा. संध्याकाळी नको, रात्रभर पान ओलं राहिलं तर पानावरचे रोग येतात.

अवकाळीबद्दलही दोघा-तिघांनी विचारलंय. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर गारपीट झाली तेव्हा निफाड-चांदवडकडे द्राक्ष-कांद्याबरोबर पालेभाज्यांच्या चिंध्या झाल्या. अशा वेळी मावा धुऊन जातो हे खरं, पण गारांनी फाटलेलं पीक नवीन फूट काढतं आणि ती फूट फार कोवळी असते. गारपिटीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात पानं उलटून बघा. त्या आठवड्यात युरिया टाकायचा मोह आवरा.

सिन्नरला शेडनेटमध्ये एप्रिलची कोथिंबीर घेतो. बाहेर उन्हाळ्यात मावा नसतो, माझ्या नेटमध्ये मात्र असतो. नेट कीड थांबवतं म्हणून घेतलं होतं.
– एक शेतकरी, सिन्नर

शेडनेट ऊन थांबवतं. मावा थांबवायला त्याहून खूप बारीक विणीची कीटकरोधक जाळी लागते, ती वेगळी वस्तू आहे. बाहेर ३९-४० अंशांत मावा तगत नाही, आणि तुम्ही फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे) लावून आत त्याला सोयीची हवा करून दिलीत. वारा नाही, पाऊस नाही, आणि ढालकिडे आत येणार कुठून? नेटमध्ये हवामान तुमच्या हातात असल्यामुळे उपायही हातात आहे. दाराजवळच्या दोन वाफ्यांवर रोज नजर ठेवा, सुरुवात तिथूनच होते. पिवळे चिकट सापळे दोन-चारच लावा, तेही फक्त मावा कधी आला ते कळण्यासाठी. जास्त लावले तर ते मित्रकीटकही चिकटवतात. मुंग्यांची वारूळं नेटच्या कडेला असतील तर काढा. माव्याच्या अंगातून झिरपणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. बाहेरच्या उन्हाळी पिकात मावा नसला तरी लाल कोळी आणि फुलकिडे असतात, तेव्हा निर्धास्त राहू नका.

बाजारातून आणलेल्या मेथीच्या जुडीत काळे बारीक किडे असतात. खाल्ले गेले तर अपाय होतो का? मैत्रीण म्हणते, किडे असलेली भाजीच घ्यावी, म्हणजे औषध मारलेलं नसतं.
– गंगापूर रोड, नाशिक

चुकून पोटात गेले तर काही होत नाही, मावा विषारी नाही आणि चावतही नाही. जुडी सोडून पानं निवडा, मोठ्या भांड्यात पाण्यात बुडवून हलवा, पाणी बदला, असं दोन-तीनदा करा, मग वाहत्या पाण्याखाली धरा. मीठ घातलं तर चालतं, न घातलं तरी चालतं. चिकट झालेली, काळपट बुरशी धरलेली पानं मात्र काढून टाका.

मैत्रिणीचं म्हणणं चुकीचं आहे. किडे दिसणाऱ्या भाजीवर दोनदा औषध मारलेलं असू शकतं, नुसतं ते लागू पडलेलं नसतं. आणि स्वच्छ भाजी जोराच्या पावसानं धुतलेलीही असू शकते. जुडीकडे बघून औषधाचा अंदाज बांधता येत नाही. विकणाऱ्याला विचारा, ओळखीचा असेल तर खरं सांगतो.

मी व्हर्टिसिलियमची (मावा मारणारी) बुरशी वापरली, शेजाऱ्यानंही वापरली. त्याच्याकडे मावा पांढरा पडून मेला, माझ्याकडे ढिम्म. पाकीट एकाच दुकानातलं. माझ्या पश्चिमेला द्राक्षबाग आहे, त्याचा संबंध असेल का?
– पालेभाजी उत्पादक, पिंपळगाव परिसर

असण्याची दाट शक्यता आहे. ही बुरशी जिवंत असते. तिचे कण माव्याच्या अंगावर रुजायला दमट हवा आणि २०-२५ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. ढगाळ हवेला शिव्या देणाऱ्यांना मी हेच सांगते की बुरशीनं माव्याची मोठी मर याच हवेत होते, फक्त त्याला आठवडाभर लागतो. पण ढगाळ हवा आली की द्राक्षवाला काय करतो? डाऊनीच्या भीतीनं दिवसाआड बुरशीनाशकाचा ब्लोअर (पंख्याचा फवारणी पंप) काढतो. वारा पश्चिमेचा असला की त्याचा फवारा तुमच्या मेथीवर, आणि तुम्ही पैसे मोजून आणलेली बुरशी त्यातच मरते.

शेजाऱ्याशी भांडू नका, त्याचं वर्षाचं उत्पन्न त्या घडांवर आहे. त्याला ब्लोअर कधी चालवणार ते आधी विचारा आणि तुमची फवारणी त्यानंतर दोन-तीन दिवस सोडून, संध्याकाळी करा. बांधाला मका किंवा शेवरीची दाट ओळ लावली तर तुषार बरेच अडतात. काढणी जवळ आलेली असेल तर त्याच्या औषधाचं नाव आणि प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर काढणीसाठी थांबायचे दिवस) विचारून घ्या, कारण त्याच्या औषधाचा अंश तुमच्या पालकात सापडला तर जाब तुम्हाला विचारतील.

बाकी प्रमाण लिटरला ५ ग्रॅम, सोबत थोडं साबणपाणी, आणि त्याच टाकीत बुरशीनाशक किंवा तांब्याचं औषध चुकूनही नको. आदल्या दिवशी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारलेला पंप असेल तर तो आधी दोनदा धुवा. हवा कोरडी असेल आणि दुपार ३० च्या वर जात असेल तर बुरशीवर पैसे घालू नका, तेव्हा निंबोळी बरी. पाकिटावरची उत्पादनाची तारीख बघा, दुकानात उन्हात ठेवलेला माल घेऊ नका, आणि फोडलेलं पाकीट पुढच्या हंगामासाठी ठेवू नका.